सात लिटरचं वेड

उल्हासनगरातल्या खेळण्यांच्या दुकानांत पुठ्ठ्यावर बसवलेल्या, बोटभर लांबीच्या धातूच्या गाड्या लटकत असतात. 'हॉट व्हील्स' नावाच्या या गाड्या दोनशे रुपयांच्या आत मिळतात, आणि विठ्ठलवाडीच्या ज्या घरात लहान मूल आहे तिथे पलंगाखाली झाडू फिरवला की एखादी तरी बाहेर येतेच. त्यांत लांब नाकाची, रुंद खांद्यांची, मागून किंचित उचललेली एक गाडी हमखास असते. कधी कॅमॅरो, कधी मस्टँग, कधी चार्जर. मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या बाजारात आणल्या, तेव्हाही त्यांत कॅमॅरो, मस्टँग आणि फायरबर्ड होत्या. त्या वेळी याच गाड्या अमेरिकेतल्या शोरूममध्ये नव्याकोऱ्या उभ्या होत्या. आता त्यांचं वय साठीकडे झुकलंय. पॉन्टिॲक आणि प्लिमथ ही त्यांतली दोन घराणी तर बुडाली. खेळण्यांच्या दुकानातली त्यांची जागा मात्र अजून कुणी घेतलेली नाही.

मोठ्या आकारात ही गाडी कल्याण-बदलापूर रस्त्यावर पाहिली, असं सांगणारा माणूस सापडणं अवघड. तरी नावं सगळ्यांना पाठ. वडिलांनी 'नाइट रायडर' मालिकेत बोलणारी काळी पॉन्टिॲक पाहिलेली, मधल्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून 'नीड फॉर स्पीड' खेळताना मस्टँग पळवलेली, आणि आत्ताच्या पोरांना 'फास्ट अँड फ्युरियस'मधली डॉज चार्जर ठाऊक. जिच्यात कधी बसलो नाही, जिचा खरा आवाजही कानांनी ऐकला नाही, त्या गाडीची ओढ तीन पिढ्या पुरते हे नवलच. नुसत्या देखणेपणाने हे साधत नाही. देखण्या गाड्या इटलीत याहून कितीतरी झाल्या. अमेरिकेच्या या 'मसल कार'ची मोहिनी समजून घ्यायची तर आधी तिचा जन्म कसा झाला ते पाहायला हवं, आणि तो झाला एका मनाई हुकमातून.

जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या शाखांना फर्मान सोडलं, की यापुढे कुणीही मोटारशर्यतींच्या वाटेला जायचं नाही. पॉन्टिॲक ही त्यांचीच एक शाखा. शर्यती जिंकून तरुण गिऱ्हाईक ओढायचं, हा तिचा धंद्याचा पायाच या हुकमाने खचला. तिचे मुख्य अभियंता होते जॉन डिलोरियन, वय जेमतेम अडतीस. त्यांच्या हाताखालच्या बिल कॉलिन्स आणि रसेल गी या अभियंत्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली. पॉन्टिॲकच्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३२६ घनइंचाचं इंजिन बसत होतं, आणि मोठ्या गाड्यांमधलं ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन बाहेरून त्याच मापाचं होतं. त्याच खाचांत, त्याच बोल्टांवर ते बसू शकत होतं.

अडचण एकच. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. पॉन्टिॲकवाल्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की नियम नव्या मॉडेलला आहे. गिऱ्हाइकाने हौसेने वरचे पैसे मोजून मागितलेल्या जादा सामानाला नाही. मग मोठं इंजिन, दुहेरी सायलेन्सर आणि कडक स्प्रिंगा असं सगळं मिळून जेमतेम तीनशे डॉलरचं एक जादा 'पॅकेज' टेम्पेस्टच्या लमान्स मॉडेलसाठी जाहीर झालं. परिपत्रकाच्या दोन ओळींमधून वाट काढायची ही हातोटी सरकारी कचेऱ्यांची पायरी चढलेल्या आपल्या वाचकाला नवी वाटणार नाही. गाडीला नाव दिलं जीटीओ. तेही फेरारीकडून सरळ उचललेलं.

पाच हजार गाड्या तरी खपतील की नाही, याची विक्री विभागाला धास्ती होती. पहिल्याच, १९६४ च्या वर्षात ३२,४५० खपल्या. त्यामागे जाहिरातीचा वाटा मोठा होता, आणि ते काम जिम वांगर्स या गृहस्थाचं. त्या वर्षी 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने पॉन्टिॲक जीटीओची तुलना थेट फेरारी जीटीओशी केली आणि अमेरिकेत खळबळ उडाली. चाचणीसाठी दिलेल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंचाचं इंजिन गुपचूप बसवलं होतं, हे वांगर्स यांनी फार वर्षांनी सांगितलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मोटारींचे इतिहासकार याआधीच्या गाड्यांची नावंही घेतात. १९४९ ची ओल्डस्मोबाइल रॉकेट ८८ किंवा १९५५ ची क्रायस्लर सी-३०० या तिच्या आज्या-पणज्या म्हणता येतील. पण कृती पक्की केली ती जीटीओने. बाजारहाटाला नेतात तशी साधी मध्यम गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं, आणि किंमत अशी ठेवायची की कारखान्यात जाणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला हप्त्यावर परवडेल. या तीन गोष्टींतली तिसरी लोक विसरतात. मसल कार ही श्रीमंतांची गाडी नव्हती. फेरारी घेणाऱ्याला सिग्नलवर चिडवता येईल, अशी ती गरिबाची सोय होती.

वेळही अचूक साधली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची लाट आली होती, आणि १९४६ मध्ये जन्मलेली मुलं १९६४ साली अठराची झाली. हातात पगार, पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि रुंद. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात फोर्डने मस्टँग दाखवली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची नोंदणी झाली. मस्टँगला मसल कार म्हणायचं की नाही, यावर शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात, कारण तिच्या स्वस्त मॉडेलमध्ये सहा सिलिंडरचं बापुडं इंजिन होतं. त्या भांडणात आपण न पडलेलं बरं.

मग चढाओढ लागली. १९६६ मध्ये डॉजची चार्जर, १९६७ च्या हंगामासाठी शेवरोलेची कॅमॅरो, १९६८ मध्ये प्लिमथची रोड रनर. रोड रनरची गोष्ट तर मजेशीर आहे. मसल कारच्या किमती चढायला लागल्या, तेव्हा प्लिमथने उलटा विचार केला. गालिचा काढा, नक्षी काढा, इंजिन तेवढं ठेवा. व्यंगचित्रपटातल्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले आणि त्याच्यासारखाच 'मीप मीप' करणारा हॉर्न बसवला. वीस हजार गाड्या विकायचा अंदाज होता. विकल्या गेल्या दुपटीहून जास्त.

या सगळ्याची खरी परीक्षा कारखान्यात होत नव्हती. ती व्हायची डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर, रात्री, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत. कंपन्यांचे अभियंतेसुद्धा न विकलेल्या, अजून चाचणीतल्या गाड्या तिथे घेऊन येत. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि महाराष्ट्रातून शिकलेले तरुण अभियंते तिकडे जाऊ लागले. डेट्रॉईटच्या मोटारउद्योगात त्यातले अनेक जण लागले. आज तिथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, आणि दर ऑगस्टमध्ये त्याच वुडवर्ड रस्त्यावर 'ड्रीम क्रूझ' भरते. १९९५ पासून चालू असलेल्या या मिरवणुकीत साठच्या दशकातल्या हजारो गाड्या धडधडत जातात. तेव्हा रस्ता अडवला म्हणून पोलीस ज्यांना पावती फाडत होते, तेच आता आजोबा होऊन रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात.

ही धडधड नेमकी येते कुठून? मसल कारच्या इंजिनात आठ सिलिंडर असतात, चार-चारच्या दोन रांगांत, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात. आठही सिलिंडर आळीपाळीने पेटतात आणि एकूण ठोक्यांमधलं अंतर सारखंच असतं. पण अमेरिकन व्ही-८ मधला दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, अशा रीतीने वळवलेला असतो की एकाच रांगेतले दोन सिलिंडर कधी लागोपाठ पेटतात आणि मग त्या रांगेत जरा खंड पडतो. प्रत्येक रांगेचा धूर वेगळ्या पाइपातून जातो. त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी ठोके समान अंतराने पडत नाहीत. दोन जवळ, एक लांब, पुन्हा एक जवळ. उभ्या गाडीचा तो गुरगुरणारा, अडखळत चालणारा आवाज या विषमतेतून येतो. कॅडिलॅकने असा दांडा १९२० च्या दशकात बसवला तो इंजिनाचा कंप कमी व्हावा म्हणून. आवाज हे त्याचं अनपेक्षित फळ.

दुसरी गोष्ट जोराची. क्रायस्लरचं प्रसिद्ध ४२६ हेमी इंजिन सात लिटरचं होतं. मारुती ८०० ची जवळजवळ नऊ इंजिनं एकत्र केली तर तेवढा आकार होईल. कंपनीने त्याची ताकद ४२५ हॉर्सपॉवर सांगितली होती. शेवरोलेच्या १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ ची ताकद कागदावर ४५० हॉर्सपॉवर होती. पण चालवणाऱ्याला जाणवतो तो आकडा हॉर्सपॉवरचा नसतो, टॉर्कचा असतो; ज्याला गॅरेजमध्ये सरळ 'पिकअप' म्हणतात. लहान इंजिनाला ताकद काढण्यासाठी खूप फिरावं लागतं, ते किंचाळतं. मोठं इंजिन अगदी संथ फिरतानाही गाडीला असा हिसका देतं की मान मागे जाते. पाय ठेवला की गाडी निघाली, मध्ये काही नाही. आजच्या गाड्यांत पाय आणि इंजिनाच्या मध्ये संगणक बसलेला असतो. त्याने जीव वाचतात हे खरं, पण मसल कारवाल्याला तो मध्यस्थ खुपतो.

कौतुक पुरे. या गाड्या खरं तर वाईट होत्या, आणि हे त्यांच्या भक्तांनाही माहीत आहे. सुरुवातीच्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, जे एक-दोनदा जोरात दाबले की तापून निसटू लागत. सगळं वजन पुढे, त्यामुळे वळणावर गाडी सरळच जायला बघे. टायर अरुंद. सरळ रेषेत पाव मैल पळायची, ४०० मीटरची शर्यत जिंकायची, एवढ्याच कामाची ती गाडी. तरुण पोरांनी त्या झाडांना आणि खांबांना नेऊन भिडवल्या, आणि विमा कंपन्यांनी हिशेब मांडला. १९७० च्या सुमारास पंचविशीच्या आतल्या चालकाला अशा गाडीचा विमा इतका महाग पडू लागला, की गाडीचा हप्ता परवडे पण विमा नाही.

नंतरचा ऱ्हास झपाट्याने झाला. १९७० च्या हवा-शुद्धता कायद्याने धुरावर मर्यादा आल्या, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनं मवाळ केली, हेमीचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. १९७४ नंतर जीटीओ बंद झाली. पहिल्या जीटीओपासून शेवटच्या जीटीओपर्यंत उणीपुरी दहा वर्षं. इतकं थोडं आयुष्य मिळाल्यामुळेच या गाड्या म्हाताऱ्या, लठ्ठ आणि केविलवाण्या होताना कुणाला दिसल्या नाहीत, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं.

हे सगळं तिकडे घडत असताना मुंबईत काय चाललं होतं? इथे कहाणीला एक चटका लावणारं वळण आहे. अमेरिकन गाड्या मुंबईला नव्या नव्हत्याच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी तर क्रायस्लरशी बोलणी केली, युद्धकाळात इंग्रज सरकारचा नकार पचवला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. मुंबईच्या रस्त्यांवर या ऐसपैस गाड्या टॅक्सी म्हणूनही धावल्या.

मग धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणं पुरेसं नाही, इथे बनवणार असाल तर राहा, असं सरकारने १९५३ च्या सुमारास सांगितलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला आणि मोटारींत छोट्या ११०० मॉडेलवर भर दिला. म्हणजे ज्या क्रायस्लरच्या डॉज गाड्या कुर्ल्यात जोडल्या जात होत्या, तिनेच पुढे सात लिटरचं हेमी इंजिन घालून चार्जर रस्त्यावर आणली, तेव्हा कुर्ल्यात त्याच्या सहाव्या हिश्शाएवढं, ११०० सीसीचंही न भरणारं इंजिन बसवलेली फियाट तयार होत होती. तीच पुढे पद्मिनी झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईकरांना साठ वर्षं वाहून नेलं. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. देशाला तेव्हा कोणती गाडी हवी होती, याबद्दल शंका नको. पद्मिनीच. पण कुर्ला आणि डेट्रॉईट यांची वाट आणखी दहा-बारा वर्षं एक राहिली असती तर, हा विचार मोटारवेड्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

चेहरा मात्र आला. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा काढली. तेव्हा जनरल मोटर्सच्याच मालकीच्या असलेल्या इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या जुन्या मॉडेलवरून ती बेतली होती, आणि त्या मॉडेलच्या रेषांवर अमेरिकेची छाप उघड होती. लांब बॉनेट, गोल दिवे, रुंद छाती. हिंदी सिनेमातल्या स्मगलरला आणि कल्याणच्या बिल्डरला ती एकाच वेळी आवडली. बॉनेट उघडलं की निराशा. आत सुरुवातीला ॲम्बेसेडरचं दीड लिटरचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. पहिलवानाच्या अंगरख्यात कारकून. पुढे इसुझू कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आल्यावर तिला जीव आला, आणि २००२ पर्यंत ती चालली. आज भारतातले शौकीन काँटेसाला 'देशी मसल कार' म्हणतात, जुनी गाडी शोधून काळा रंग मारतात, रुंद टायर चढवतात. प्रेम खरं आहे. नातं मात्र रूपापुरतंच.

गुणाने ज्याला मसल कारचं भावंड म्हणावं ते वाहन आपल्याकडे आलं दोन चाकांवर.

१९८३ मध्ये फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कंपनीने यामाहाची आरडी ३५० ही मोटरसायकल 'राजदूत ३५०' या नावाने बनवायला घेतली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, आणि जास्त ताकदीच्या मॉडेलला तीस हॉर्सपॉवर. ज्या देशात घरातली अख्खी मोटार चाळीस हॉर्सपॉवरवर चालत होती, तिथे दोन माणसांच्या बुडाखाली तीस. जपानी मूळ गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, इथे खर्च वाचवायला ड्रम दिला. थांबण्यापेक्षा पळणं सोपं, हा मसल कारचा दोष जणू इथेही जपला गेला. पेट्रोलची तहान आणि महागडे सुटे भाग यांमुळे ती मागे पडली आणि काही वर्षांत बंद झाली.

१९८५ ला यामाहाचीच आरएक्स १०० आली. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. आकडे मामुली वाटतील. पण त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि देशाला 'ॲव्हरेज किती देते' हा प्रश्न लावून गेली. त्या काटकसरीच्या काळात आरएक्स १०० ने कारकुनाच्या मुलाला दुसराच प्रश्न विचारायची मुभा दिली: पिकअप कसा आहे? पॉन्टिॲकच्या अभियंत्यांनी केलं तेच गणित, फक्त साठपट लहान आकड्यांत. हलकं अंग, अंगापेक्षा मोठा जोर, पगारात बसणारी किंमत. १९९६ मध्ये धुराच्या नियमांपुढे ती थांबली. मसल कारही तशीच गेली होती.

आज विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात कुठल्याही जुन्या मेकॅनिकसमोर आरएक्स १०० चं नाव काढलं, की तो हातातला पाना खाली ठेवून बोलायला लागतो. या पट्ट्याला यंत्रांची सवय जुनी आहे. युद्धात इथे लष्करी छावण्या होत्या, फाळणीनंतर त्यांतच निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. शेजारी अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. अशा गावांत लेथवर हात बसलेल्या टर्नरांची पिढीच तयार होते. बंद पडलेल्या गाडीचा भाग बाजारात मिळत नसेल तर जुन्याचं माप घेऊन नवा कातून देणारी, सिलिंडरला बोअर मारून देणारी माणसं इथे आहेत. जुनी गाडी जिवंत ठेवण्याचं खरं रहस्य हे आहे, डेट्रॉईटमध्येही आणि इथेही. साठच्या दशकातलं व्ही-८ इंजिन पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि कान एवढ्यावर दुरुस्त होतं. आरएक्सचंही तसंच. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे केला की गाडी सुधारली की बिघडली, हे मालकाला स्वतः ऐकू येतं.

त्यामुळे चांगल्या अवस्थेतली आरएक्स १०० आता लाखाच्या वर जाते आणि राजदूत ३५० तर कित्येक लाखांना. अमेरिकेत हीच गोष्ट कोटींत घडली. प्लिमथची १९७१ ची एक उघड्या टपाची हेमी कुडा २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग न्यू जर्सीच्या एका कुटुंबाने १९७४ मध्ये सहा हजार डॉलरला जुनी गाडी म्हणून घेतली होती. घरातल्या शिक्षिका बाई ती घेऊन शाळेत जात. मॅक्वीनने १९७७ मध्ये पत्र लिहून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. २०२० च्या जानेवारीत तिला लिलावात ३७ लाख डॉलरवर किंमत आली. कामगाराच्या पोरासाठी जन्मलेली गाडी अशी धनिकांच्या तिजोरीत जाऊन बसली, आणि तिथे ती बहुतेक वेळ बंदच उभी असते.

आपल्या शौकिनाची अडचण वेगळी आहे, कायद्याची. अमेरिकेत गाडीत मोठं इंजिन घालणं हा छंद आहे; आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत त्यांवर रोड रोलर फिरवतात. रात्री दोन वाजता ज्याच्या खिडकीखालून असा सायलेन्सर गेलाय, त्याला हा रोलर योग्यच वाटतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. पन्नास वर्षं ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी मात्र जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'विंटेज' नोंदणीची वेगळी सोय केली. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. या हिशेबाने पहिली राजदूत ३५० २०३३ मध्ये पात्र होईल आणि पहिली काँटेसा त्याच्या पुढच्या वर्षी.

मसल कारसाठी दार याच काळात किलकिलं झालं. पूर्वी १९५० च्या आधी बनलेलीच गाडी विंटेज म्हणून परदेशातून मोकळेपणी आणता येई. २०२५ मध्ये ती अट बदलून पन्नास वर्षांची झाली, आणि १९६४ ते १९७४ मधल्या जवळपास सगळ्या मसल कार त्यात आल्या. अर्थात कराचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा भरतो. तिकडे नव्या गाड्यांचं चित्र उलटं. व्ही-८ इंजिनाच्या चार्जर आणि चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये थांबल्या, कॅमॅरोही त्याच महिन्यात. डॉजने २०२४ मध्ये विजेवरची चार्जर आणली आणि जुन्या गिऱ्हाइकाला चुकल्याचुकल्यासारखं होऊ नये म्हणून तिला १२६ डेसिबलपर्यंत गुरगुरणारी ध्वनियंत्रणा जोडली. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मग कंपनीने पेट्रोलवरचीही चार्जर आणली.

समजा, कर भरून एखादी १९६९ ची हेमी चार्जर कल्याण आरटीओपर्यंत आलीच. लांबी सव्वापाच मीटर, रुंदी जवळजवळ दोन मीटर. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या आतल्या गल्लीत ती शिरली तर समोरच्या रिक्षावाल्याला तोंड फिरवावं लागेल. शहरात ती लिटरमागे तीन-चार किलोमीटर देते, म्हणजे विठ्ठलवाडीहून बदलापूरला जाऊन यायला सात-आठ लिटर गेले, तेही वाटेत गर्दी नसेल तर. तिला लागतं उच्च ऑक्टेनचं पेट्रोल, ते मोजक्याच पंपांवर. आणि साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले वॉशर बनवताना कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या नळ्या बदलाव्या लागतात, टाकी फार दिवस भरून ठेवायची नसते, कार्ब्युरेटर वरचेवर उघडून पाहावा लागतो. आरएक्स १०० वाले हे सगळं आत्ताच करतायत.